मागणीची गाडी

नायसे नदीच्या पुलावर मी सायकलवरून उतरले, हेल्मेट काढलं आणि मान खाली घालून उभी राहिले.

दुसरं काय करणार? मागून एक लांबलचक काळी गाडी येत होती... अगदी चालण्याच्या वेगाने, काचांच्या कोपऱ्यात ताडाची पानं कोरलेली. कुणाची तरी शेवटची यात्रा. अशा वेळी घंटी वाजवत पुढे जाणं बरं दिसत नाही.

पण गाडी माझ्या शेजारी येऊन थांबली. काच खाली सरकली.

"मॅडम, चक्कर येतेय का?"

आत एकच माणूस होता, तोही जिवंत. भुवईवर पिठीसाखर, कान जरा मोठे, आणि डोळे असे की खरंच चक्कर येत असती तर फार बरं झालं असतं.

"नाही. मी... आदर दाखवतेय."

"कुणाला?"

मी मागे वाकून पाहिलं. शवपेटी नव्हती. केकची रिकामी खोकी होती.

"तुमच्या गाडीला," मी म्हणाले.

तो एकदम खुलला. "छान आहे ना? आत्ताच घेतली, पलीकडे गुबेनमध्ये. हळू चालवतोय, अजून ओळख नाही ना आमची! बरं, गुबिनमध्ये ती शपथेवर भाषांतर करणारी बाई कुठे बसते, माहीत आहे का? बोग्ना कुर्झावा. फार खडूस आहे म्हणतात."

"बेकरीच्या गल्लीत, वरचा मजला. थोड्या वेळाने जा. खडूसपणा चढायला तिला कॉफी लागते."

पलीकडचं गुबेन जर्मनांचं, अलीकडचं गुबिन आमचं, पोलंडचं. इथून भिरकावलेला दगड जर्मनीत पडतो. माणूस जातो, भाजी जाते, सिगारेटी तर जातातच. पण तिकडे घेतलेली गाडी इकडे नोंदवायची असेल, तर तिच्या प्रत्येक जर्मन कागदाला पोलिश व्हावं लागतं, आणि त्यावर माझा गोल शिक्का लागतो.

तो दारात आला, टेबलामागे मला पाहिलं, आणि त्याचे कान कडेकडेने लाल होत गेले.

"खडूस म्हणजे... चांगल्या अर्थाने म्हणालो मी."

"कागद द्या."

त्याचं नाव कायेतान व्रोना. केक करायचा. लुब्स्कोच्या एका लग्नासाठी तीन मजली केकची मागणी आली होती. आयुष्यातली पहिली मोठी मागणी, शनिवारची. जुन्या व्हॅनने मान टाकली, म्हणून ही गाडी; लांब आणि बुडाला सपाट, केक हलणारसुद्धा नाही. तात्पुरत्या जर्मन नंबरपाट्यांची मुदत शुक्रवारी संपत होती.

"आणि मॅडम, जर्मन माणूस विकताना रडला!"

मला हसू फुटलं. आमच्याकडे जुन्या गाडीच्या प्रत्येक जाहिरातीत हेच वाक्य असतं, आणि ते ऐकलं की शहाणा माणूस आधी गंज तपासतो.

"हसताय काय? आईशप्पथ! लेनिकसाहेब, फुलवाले. बॉनेटवर हात ठेवून ढसाढसा रडले."

मी वाचत होते. एका ओळीवर थांबले.

"तुम्हाला जर्मन येतं?"

"कामापुरतं. हे बघा," त्याने ऐटीत बोट ठेवलं, "बेश्टेलुंग. मागणी. म्हणजे मागणीची गाडी. घरपोच फुलं नेत असणार."

"बेश्टेलुंग म्हणजे मागणी. इथे बेश्टाटुंग लिहिलंय."

"जवळजवळ तेच की."

"बेश्टाटुंग म्हणजे अंत्यसंस्कार."

खाली गल्लीत कुणीतरी पावाचे क्रेट आपटत होतं.

"म्हणजे पुलावर तुम्ही..."

"हो."

"आणि लेनिकसाहेब..."

"वडिलांचा अंत्यसंस्काराचा धंदा असेल. ह्या गाडीच्या मागे लोक रडतातच."

तो खुर्चीत बसला, उठला, पुन्हा बसला. "शववाहिकेतून लग्नाचा केक! अन्न तपासणीवाले मला जिवंत सोडतील का?" मग खूप हळू म्हणाला, "मॅडम... दोनच अक्षरं. आटुंगच्या जागी एलुंग वाचायचं. कुणाला कळणार?"

"मला."

"ही बेझे घ्या. आजची आहेत." त्याने एक खोका पुढे सरकवला. अंड्याचा पांढरा बलक आणि साखर घुसळून भाजलेली; पांढरी, फुगलेली, ढगासारखी.

"मी लाच घेत नाही."

"लाच कुठे? नमुना आहे."

"शववाहिका," मी मोठ्याने वाचत टाइप केलं आणि शिक्का मारला. तो उठला. कागद छातीशी धरून गेला. खोका मात्र विसरला — किंवा विसरला नाही.

भाषांतरकाराने ग्राहकासाठी नियम चाळायचे नसतात. पण मी मुळात भौतिकशास्त्राची, पलीकडे जर्मनीत कॉटबुसला शिकलेली; प्रयोग अर्धवट टाकवत नाही. निदान चौथं बेझे खाताना मी स्वतःला असंच समजावत होते. नियमात वाट होती. गाडीची अंतर्रचना बदललेली असेल, तर तपासणी केंद्र तिला मालवाहू म्हणून प्रमाणपत्र देऊ शकतं. मी कायेतानला फोन लावला.

"कोण? कुर्झावा मॅडम? तुम्ही? मला?" पलीकडे काहीतरी धातूचं पडलं.

तपासणी केंद्रातल्या तेओफिलाबाईंनी टॉर्च घेऊन अर्धं शरीर गाडीत घातलं आणि आतूनच ओरडल्या, "फळीखाली रूळ आहेत! शवपेटी सरकवायचे. ते आहेत तोवर माझ्या लेखी ही शववाहिका. काढा, भोकं बुजवा, मग या." बाहेर येऊन त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "आणि तू गं कोण?"

"भाषांतरकार."

"इथे तर सगळे पोलिशच बोलतोय."

"मी... तांत्रिक बाजू बघतेय."

"हं. दिसतेय बाजू."

रूळ कायेतानच्या भट्टीच्या मागच्या अंगणात काढायला घेतले. बोल्ट गंजलेले, आणि तिथे पोचायचं तर आडवंच व्हावं लागे. तेव्हा मी आणि कायेतान शववाहिकेत शेजारी-शेजारी उताणे पडलो होतो. वर पांढऱ्या साटीनचं छत, बाहेर बारीक पाऊस, आणि त्याच्या बाहीला व्हॅनिलाचा वास.

"किती जण पडले असतील इथे," मी म्हणाले.

"पण एकालाही शेजार नव्हता."

मी मान वळवली. तो छताकडेच बघत होता, पण कान... कान बोलत होते.

"नटला उष्णता द्या," मी घाईने म्हणाले. "बोल्टला नको. नट प्रसरण पावला की पकड सुटेल. बर्नर आहे?"

"बेझे भाजायचा आहे."

त्याने तो छोटासा बर्नर आणला. निळी ज्योत नटभोवती फिरू लागली, जशी ती केकच्या कडेवर फिरत असेल — न घाबरता, न घाई करता. असा हात मी कॉटबुसच्या एकाही प्रयोगशाळेत पाहिला नव्हता.

"तुम्ही कायम एवढ्या बरोबर असता का हो?"

"नाही. तुमच्या पहिल्या बेझेत साखर जास्त आहे, असं वाटलं होतं मला. दुसऱ्यात कळलं, चूक माझी होती."

"म्हणजे खाल्लीत!"

"नमुना तपासावा लागतो. एकाच मोजमापावर निष्कर्ष काढत नाहीत."

"किती मोजमापं घेतलीत?"

"...खोकाभर."

कर्रर्र करून नट सुटला. त्याचा हात घसरला आणि माझ्या हातावर येऊन पडला. उचलायला त्याला कसलीच घाई नव्हती. मलाही नव्हती.

"एक विचारू? शववाहिकेत शेजारी पडून हे अहो-जाहो... बरं नाही वाटत."

"मग विचारतोयस काय?" मी म्हणाले. "पुढचा नट गरम कर."

शुक्रवारी क्रोस्नोच्या वाहन-नोंदणी कार्यालयात खिडकीमागच्या बाईंनी दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि चष्मा नाकावर ओढला.

"भाषांतर म्हणतंय शववाहिका. तपासणी म्हणतेय मालवाहू. खरं कोण बोलतंय?"

कायेतानने माझ्याकडे पाहिलं. त्याच्या डोळ्यांत ती दोन अक्षरं स्पष्ट दिसत होती — मी बदलली असती तर हा प्रश्नच आला नसता. उद्याचा केक, ती पहिली मोठी मागणी, सगळं माझ्या हट्टापायी अडकलं होतं.

"दोन्ही खरं आहे," मी म्हणाले. "मी गाडी काय होती ते लिहिलंय. त्यांनी, आता काय आहे ते."

बाईंनी संगणकात नंबर टाकला. वाचलं. मग पडदा आमच्याकडे वळवला. "जर्मनांच्या नोंदीतही शववाहिकाच दिसतेय. भाषांतरात दुसरं काही असतं ना, तर सगळं बाड परत पाठवलं असतं मी. पोलिसांना कळवलं असतं, ते वेगळंच." आणि त्यांनी नव्याकोऱ्या पाट्या खिडकीतून पुढे सरकवल्या.

खिडकीच्या कट्ट्याखाली कायेतानने माझी करंगळी धरली, आणि पायऱ्या उतरेपर्यंत सोडली नाही.

शनिवारी मी मागे बसले, केकच्या खालच्या मजल्याला दोन्ही हातांनी धरून. लुब्स्कोच्या वाटेवर एका आजोबांनी टोपी काढली. ट्रॅक्टर कडेला थांबला. दोन बायकांनी छातीवर क्रूस केला, आणि मागच्या काचेतून बटरक्रीममागे मी दिसल्यावर आणखी एकदा केला. ओव्हरटेक कुणीच केलं नाही. केक इतक्या सन्मानाने कधीच प्रवासाला गेला नसेल.

हॉलच्या दारात नवरदेवाचे वडील आमची गाडी बघून पांढरे पडले. "कोण... कोण गेलं?"

"कुणी नाही हो, केक आलाय!" कायेतान ओरडला.

"देवा रे! मागून आण, मागून! म्हाताऱ्यांना दिसायला नको!"

केक शाबूत होता. एक गुलाबसुद्धा कलला नव्हता. तरी कायेतान स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून, नखं खात, पहिला तुकडा कापला जाताना बघत होता. मी त्याच्या शेजारी. तेवढ्यात आत पाहुण्यांनी पेले उंचावून गलका सुरू केला — "कडू! कडू! कडू!" व्होडका कडू लागतेय, गोड करा! नवरा-नवरीने एकमेकांना ओठ भिडवेपर्यंत हे थांबत नाही. नवरी लाजली, नवरा वाकला, हॉल दणाणला.

स्वयंपाकीणबाईंनी पळी आमच्याकडे रोखली. "आणि ही दोघं काय नुसती बघतायत? अगं बायांनो, इकडे पण — कडू!"

पातेल्यांवर झाकणं वाजू लागली. कडू! कडू!

"ऐकतेयस ना?" कायेतान माझ्या कानाशी म्हणाला. "बोग्ना, मला परक्या भाषा येत नाहीत. आपल्या भाषेतही... नीट जमत नाही. पण मला तू..."

"कायेतान," मी म्हणाले, "तुझ्या केकची बदनामी चाललीय. काहीतरी कर."

त्याने केलं. व्हॅनिला, जरासं लिंबू, आणि झाकणांचा तो खणखणाट लांब कुठेतरी...

केकमध्ये साखर अगदी बरोबर पडली होती, असं नंतर सगळे म्हणाले. माझं मत मात्र धरू नका. त्या दिवशी मला सगळंच गोड लागत होतं, लोणच्याची काकडीसुद्धा.