शेवटची नऊ मिनिटं

वाचनालयाच्या दुसऱ्या मजल्यावर एक लांबट हॉल होता. तिथे महिन्यातल्या एका रविवारी, दुपारी चार वाजता, देशोदेशीचे सिनेमे दाखवले जात. मंडळ हौशी माणसांचं. खुर्च्या आपणच मांडायच्या, खिडक्यांना काळे पडदे आपणच लावायचे, आणि सिनेमा संपल्यावर खालच्या मजल्यापर्यंत वाद घालत उतरायचं. ज्यांची नावंसुद्धा धड उच्चारता येत नाहीत अशा दिग्दर्शकांवरून माणसं हमरीतुमरीवर यायची.

चष्मेवाले या मंडळाचे जुने सभासद. कोपऱ्यावर त्यांचं चष्म्याचं दुकान होतं. दिवसभर गिऱ्हाइकांना "आता खालची ओळ वाचा" म्हणणारा हा माणूस रविवारी स्वतःच पडद्यावरच्या खालच्या ओळी वाचून दाखवतो, अशी त्यांची थट्टा चालायची. ती खोटीही नव्हती. गाण्याच्या बाई मंडळात आल्या तेव्हा त्यांची नजर पूर्ण गेलेली होती, पण सिनेमाची हौस तसूभरही गेली नव्हती. म्हणून मंडळाने एक रीत पाडली. दाराजवळच्या शेवटच्या रांगेत बाईंनी बसायचं आणि डाव्या कानाशी कुणीतरी सिनेमा सांगायचा. हे काम चष्मेवाल्यांनी सहा वर्षं केलं.

बाईंचा हुकूम साधा होता. "तिला वाईट वाटलं असं मला सांगू नका. ती काय करते तेवढं सांगा. वाईट माझं मी वाटून घेईन." ऐकताना त्या चष्मेवाल्यांच्या शर्टाची बाही दोन बोटांत धरून ठेवत. सांगणं थांबलं की बाहीला हलकेच झटका देत. त्याचा अर्थ, मग? पुढे?

चष्मेवाले सांगायचेही छान. लोक त्यांना मानत. "बाईंचे डोळे" म्हणत. आणि गेले चार महिने हे दोन शब्द कानावर पडले की त्या माणसाला जमिनीत गडप व्हावंसं वाटायचं.

कारण चार महिन्यांपूर्वी त्यांनी एक गोष्ट केली होती. ती फक्त त्यांना ठाऊक होती.

त्या रविवारी एका नावाड्याच्या बायकोवरचा सिनेमा होता, आणि त्याचा संकलक परदेशातून खास आलेला होता. सिनेमा संपताच त्याच्याशी गप्पा, प्रश्नोत्तरं, वर्तमानपत्रासाठी फोटो. चष्मेवाल्यांनी आठवडाभर खपून तीन प्रश्न तयार केले होते. पण अडचण अशी, की सिनेमा संपला की बाईंचा हात धरून दोन जिने उतरायचे आणि त्यांना टॅक्सीत बसवून द्यायचं, हेही त्यांचंच काम. तोवर फोटो उरकले असते.

त्या सिनेमाची शेवटची नऊ मिनिटं मुकी होती. संवाद नाही, संगीत नाही. शेवटचं वाक्य झालं, पडद्यावर नावाड्याची बायको नवऱ्याचा कोट धुवायला बसली, आणि चष्मेवाले बाईंच्या कानाशी म्हणाले, "संपला. चला."

"एवढ्यात?" बाई म्हणाल्या.

"हो. तसाच सोडलाय शेवट."

त्यांनी बाईंना हळूच बाहेर आणलं, जिन्याच्या तोंडाशी असलेल्या बाकावर बसवलं, "टॅक्सी बघून येतो, दोन मिनिटं," असं सांगितलं आणि आत जाऊन पहिल्या रांगेत बसले. नंतर टाळ्या झाल्या. त्या बाहेर बाकापर्यंत ऐकू गेल्या असणारच. मग प्रश्न झाले, फोटो झाले. चष्मेवाल्यांचा दुसरा प्रश्न पाहुण्याला फार आवडला. पाऊण तास कुठे गेला कळलं नाही, आणि बाई तर त्यांच्या डोक्यातून साफ गेल्या.

शिपायाला बाई खालच्या जिन्यावर पडलेल्या सापडल्या. खुबा मोडला होता. तीन आठवड्यांनी त्या दवाखान्यातच वारल्या. सगळे विचारायला लागले तेव्हा चष्मेवाले बोलून गेले, "मी सोडायला निघालोच होतो हो, पण बाई म्हणाल्या, मी बसते निवांत, तुम्ही पाहुण्यांना भेटा." लोकांनी मान हलवली. बाई हट्टीच होत्या. एकट्याच उतरायला गेल्या असतील. मेलेल्या बाईवर ढकलून हा माणूस मोकळा झाला. मोकळा कसला, त्या दिवसापासून आरशासमोर गिऱ्हाइकाला चष्मा लावून दाखवताना स्वतःच्या तोंडाकडे बघायची त्यांना चोरी झाली होती. दवाखान्यात ते एकदाच गेले. खोलीच्या दारापर्यंत. आतून बाईंच्या बोलण्याचा आवाज आला, आणि हातातली फळं नर्सकडे देऊन ते आल्या पावली परतले.

आता मंडळाने बाईंच्या आठवणीत तोच सिनेमा पुन्हा लावायचा ठरवला. बाईंची मुलगी परगावाहून येणार होती. तिने अध्यक्षांना एकच विनंती केली होती. आईला सांगायचे तसाच चष्मेवाले काकांनी शेवटचा मुका भाग सगळ्यांना सांगावा. आई सिनेमा कसा ऐकायची ते तिला ऐकायचं होतं.

"तुमच्याशिवाय कोण करणार?" अध्यक्ष म्हणाले. "माइक देतो. जागा तीच, शेवटची रांग. बाईंची खुर्ची मोकळी ठेवू."

नाही म्हणायचं तर कारण काय द्यायचं? चष्मेवाल्यांनी होकार दिला. मनाशी मात्र ठरवलं, की सिनेमा सुरू व्हायच्या आधी मुलीला गाठून सगळं सांगून टाकायचं. रविवारी ती आली. आईसारखंच कपाळ, तशीच मान किंचित कलती ठेवून ऐकायची सवय. "काका," ती म्हणाली, "आई शेवटपर्यंत तुमचंच बोलत होती." चष्मेवाल्यांनी तोंड उघडलं आणि त्यातून निघालं, "बसून घे, पुढे जागा आहे."

दिवे गेले. बाहेर लख्ख ऊन होतं, पण काळ्या पडद्यांनी हॉल अगदी काळाठिक्कर झाला. जुन्या कापडाचा आणि तापलेल्या प्रोजेक्टरचा वास पसरला. चष्मेवाले मांडीवर माइक घेऊन बसले होते. उजव्या हाताला बाईंची खुर्ची. तिकडे बघायचं नाही, असं त्यांनी स्वतःला दहादा बजावलं.

दीड तास सरळ गेला. शेवटचं वाक्य आलं. नावाड्याच्या बायकोने कोट घमेल्यात टाकला. चष्मेवाल्यांनी माइक सुरू केला.

"ती कोट धुते आहे," ते म्हणाले. आवाज हॉलभर घुमला. "पाण्याचा रंग बदलतो. ती पिळते..."

तेवढ्यात पडदा मिणमिणला. आणि दिसू लागलं ते नदीकाठचं घर नव्हतं. पिवळट भिंत होती, खाली एक लाकडी बाक. बाकावर एक बाई बसलेली, पर्स मांडीवर घट्ट धरून.

चष्मेवाल्यांचे शब्द तोंडातच राहिले. बाक त्यांच्या ओळखीचा होता. भिंतीवरचा सूचनाफलकसुद्धा.

त्यांच्या उजव्या बाहीला हलकेच झटका बसला.

मग? पुढे?

"ती... बाकावर बसली आहे," ते म्हणाले. जीभ सहा वर्षांच्या सवयीने आपोआप चालायला लागली. "एकटीच आहे. तिला सांगितलंय, दोन मिनिटांत येतो. ती मान कलती करून ऐकते आहे. आतून टाळ्यांचा आवाज येतो. ती दचकते. तिला... तिला कळतं, की सिनेमा आत्ता संपला. मघाशी तो संपलेला नव्हता."

हॉलमध्ये कुणी हललं नाही. सगळ्यांना दिसतंच आहे, चष्मेवाल्यांना वाटलं. साठ माणसं समोर बघतायत. आता लपवायचं काय आणि कुणापासून? शरमेने कानशिलं जळत होती, आणि तरी आत कुठेतरी चार महिन्यांची गाठ सुटत होती.

"तिला खोटं सांगून बाहेर आणलंय," ते म्हणाले. "आणणारा आत जाऊन बसला. त्याला पाहुण्याबरोबर फोटो हवा होता. ती कुणालाही हाक मारत नाही. घड्याळावरून बोट फिरवते. पुन्हा फिरवते. हाताच्या पाठीने गाल पुसते..."

बाहीला पुन्हा झटका बसला. या वेळी जरा जोरात.

"आता..." चष्मेवाले पुढे बोलणार, तोच पडद्यावर हॉलचं दार उघडलं. एक माणूस बाहेर आला. कॅमेऱ्याकडे पाठ. उभ्या रेघांचा शर्ट, खांद्याशी जरा सैल. बाईंनी आवाजाच्या दिशेने मान वळवली आणि त्यांचा चेहरा खुलला. माणसाने हात पुढे केला. बाईंनी तो धरला. तो त्यांच्या कानाशी वाकला आणि दोघं जिना उतरू लागली.

तो शर्ट चष्मेवाल्यांचा होता.

माइक हातातून निसटला आणि जमिनीवर आपटून कर्कश किंचाळला. दिवे लागले.

"माफ करा मंडळी!" ऑपरेटर मागच्या खोलीतून घाम पुसत धावत आला. "कोट धुण्याच्या सीनलाच पडदा काळा झाला. आठ मिनिटं झटतोय, चित्र काही आलं नाही."

चष्मेवाल्यांनी समोर पाहिलं. पडदा कोरा होता. साठच्या साठ माणसं खुर्च्यांत वळून त्यांच्याकडे बघत होती. कुणालाच काही दिसलं नव्हतं. सगळ्यांनी अंधारात बसून फक्त ऐकलं होतं. अध्यक्षांनी तोंडावर हात धरला होता. पुढच्या रांगेतल्या दोघीजणी, ज्या त्यांच्याचकडून चष्मे करून घेत, त्यांनी नजर फिरवली. तोंड कुठे लपवावं ते चष्मेवाल्यांना कळेना. ते उठले, कसेबसे दारापर्यंत गेले आणि बाहेर भिंतीला टेकून उभे राहिले. तिथे फक्त तो बाक होता, आणि जिन्यावर संध्याकाळचं ऊन.

मागून मुलगी आली.

"मी मघाशीच सांगायला हवं होतं," चष्मेवाले म्हणाले. "चार महिन्यांपूर्वीच सांगायला हवं होतं. तुझ्या आईला मी..."

"ते मला माहीत होतं, काका." तिचा आवाज रागाचा नव्हता. चढलेला असता तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटलं. "आईनेच सांगितलं. तुम्ही लवकर बाहेर आणलंत, बसवून गेलात. तिने ते कधीच मनावर घेतलं नाही. म्हणाली, हौशी माणूस आहे, मोह झाला असेल."

चष्मेवाल्यांना हुंदका आवरेना. तिने शिव्या घातल्या असत्या तर ते निमूटपणे ऐकून घेणार होते. पण क्षमा त्यांच्याच्याने सोसवेना.

"मला दुसरंच विचारायचंय," मुलगी म्हणाली. "तुम्ही मधेच थांबलात. पुढे काय झालं?"

"पुढे... पुढे मला काही..."

"आई म्हणायची, तुम्ही परत आलात. तिचा हात धरलात आणि जिना उतरवत नेलंत. वाटेत राहिलेली नऊ मिनिटं सांगितलीत. नावाड्याच्या बायकोने कोट वाळत घातला, दोन कप मांडले, एक परत कपाटात ठेवला. मग कोटाच्या रिकाम्या बाहीत तिने एका बाजूने हात घातला आणि दुसऱ्या बाजूने स्वतःचाच हात धरला. असाच आहे ना शेवट?"

चष्मेवाल्यांनी मान हलवली. तंतोतंत असाच होता. आणि बाईंना तो कुणीच सांगितलेला नव्हता.

"आई म्हणाली, इतकं सुरेख तुम्ही सहा वर्षांत कधी सांगितलं नव्हतं." मुलगी जिन्याकडे बघत होती. "शेवट झाला आणि तुम्ही हात सोडलात. तिला वाटलं, खाली पोचलो. तिने पाऊल टाकलं, तर अजून अर्धा जिना होता."

"मी नव्हतो," चष्मेवाले म्हणाले. "देवाशपथ. मी आत होतो. फोटो आहेत..."

"पाहिलेत मी फोटो. सगळे. वेळेसकट. म्हणून तर आले." ती जवळ आली. "आईला मी खोदून खोदून विचारलं, ते चष्मेवाले काकाच होते का? ती म्हणाली, आवाज त्यांचाच, हात त्यांचाच. फक्त एक गोष्ट तिला समजत नव्हती. एवढं तोंड कानाशी होतं, आख्खा जिनाभर बोलत होते... पण कानाला श्वास लागला नाही."

हॉलमध्ये खुर्च्या आवरल्याचे आवाज येत होते. बाहेर कुणी येत नव्हतं.

"काका," ती हळूच म्हणाली. तिने केस मागे सारले आणि डावा कान त्यांच्यापुढे केला. "माझ्या कानाशी बोला. काहीही."

चष्मेवाले वाकले. इतके दिवस घशात अडकलेलं तेवढं एकच त्यांच्याकडे होतं. ते तिच्या कानाशी म्हणाले, "मला माफ कर, बाळ. माझ्यामुळे गेली गं तुझी आई."

मुलगी तशीच उभी राहिली. तिने कानावरून हात फिरवला. मग तिचा चेहरा हळूहळू पांढरा पडत गेला.

"परत बोला," ती म्हणाली. "जरा... जरा जवळून."