सान एलोयच्या मैदानाखाली

उंची : एकशे वीस मीटर

इतक्या उंचीवरून सान एलोय हे गाव तळहातावर मावेल एवढं दिसतं. मधोमध पडकं चर्च, बाजूला शाळा, शाळेमागे फुटबॉलचं मैदान आणि पलीकडे कोरडी नदी. कॅलिफोर्नियाच्या या खोऱ्यात सलग तिसऱ्या वर्षी पाऊस नावापुरताच झाला होता. मैदान सोडलं, तर गावभर एकच रंग होता, वाळक्या गवताचा.

वरून पाहणारा होता घारू, म्हणजे पंख पसरून तरंगणारा, बोलणारा यंत्रमानव. खाली चर्चच्या पायरीवर अकरा वर्षांची चार्वी, घारूला दिसेल ते दाखवणारा पडदा मांडीवर घेऊन बसली होती.

"घारू, काही दिसलं?"

"एक कुत्रा. झोपलाय. आणखी एक कुत्रा. तोही झोपलाय."

"कबरी शोधतोय आपण!"

"मग तसं सांग ना. कुत्रे मोजून दमलो मी."

चार्वीला हसू आलं नाही. आज शनिवार होता.

उंची : शून्य

अडीचशेहून अधिक वर्षांपूर्वी स्पेनमधून आलेल्या पाद्र्यांनी इथे मिशन (धर्मप्रसारासाठी वसवलेली वसाहत) उभारलं. उभारलं म्हणजे, खोऱ्यातल्या मूळ रहिवाशांकडून उभारून घेतलं. त्यांना नवी नावं दिली, विटा पाडायला लावल्या, शेतात राबवलं. निघून जायची मुभा नव्हती. पळालेल्यांना धरून आणत. मग गोवर आला. पाठोपाठ ताप आला. पाद्री मात्र शिस्तीचे. प्रत्येक मृत्यू त्यांनी वहीत लिहिला.

त्या वहीत बाराशे अकरा नावं आहेत. चर्चच्या आवारात फार तर दोनशे माणसं मावतील.

मग बाकीची हजार माणसं कुठे आहेत?

हा प्रश्न चार्वीला पडला नव्हता. तो पडला होता डोलोरेस आजींना. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या डोलोरेस आजी त्याच मूळ रहिवाशांच्या वंशातल्या. त्यांच्या आईनेही हाच प्रश्न विचारला होता आणि ती उत्तराविनाच गेली होती. आता तर वेळही उरला नव्हता. सोमवारी सकाळी शाळेचं मैदान खणून गावासाठी पाण्याची भूमिगत टाकी बांधायला सुरुवात होणार होती. त्याआधी आपली माणसं कुठे आहेत ते आजींना कळायला हवं होतं. नाहीतर खणायचं यंत्र आपल्याच माणसांवरून तर गेलं नाही ना, ही धास्ती त्यांना कायमची राहिली असती.

उंची : उणे एक मीटर

इथे काळोख आहे. इथे काय चालतं, ते चार्वीच्या आजोबांनी, म्हणजे आजींच्या बोलावण्यावरून भारतातून आलेल्या पुरातत्त्वज्ञ (जुन्या अवशेषांवरून इतिहास शोधणारे) विद्याधर खानोलकरांनी तिला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

"समज, तू मेथी पेरलीस. थोडी उथळ ताटलीत, थोडी खोल कुंडीत. मग आठवडाभर पाणीच दिलं नाहीस. आधी कुठली सुकेल?"

"ताटलीतली. तिच्यात माती थोडी, म्हणून ओल थोडी."

"बरोबर. आता समज, जमिनीखाली जुनी भिंत पुरलेली आहे. तिच्यावर मातीचा पातळ थर. तिथलं गवत म्हणजे तुझी ताटली. दुष्काळात तेच आधी पिवळं पडतं. वरून पाहिलं, तर गवतात भिंतीचा नकाशा उमटतो. याला पीकखूण (पुरलेल्या वस्तूमुळे वरच्या पिकाच्या वाढीत पडणारा फरक) म्हणतात. खणायचं नाही, मोडायचं नाही. नुसतं बघायचं."

"पण जमिनीवरून का नाही दिसत?"

"मुंगी गालिच्यावरून चालते. तिला नक्षी दिसते का?"

अशा पिवळ्या रेषांवरून घारूने आठ दिवसांत अख्खं जुनं मिशन काढलं होतं. धान्याची कोठारं सापडली, विटांच्या भट्ट्या सापडल्या. एक लांबट इमारत निघाली, तिला एकच दार होतं. "मुलींना रात्री इथे कोंडून कुलूप लावत," डोलोरेस आजी म्हणाल्या होत्या. चार्वीच्या कानातल्या दुभाष्या यंत्राने ते वाक्य मराठीत सांगितलं, तेव्हा तिने ते यंत्र घटकाभर काढूनच ठेवलं होतं.

कबरी मात्र सापडल्या नव्हत्या.

उंची : पुन्हा शून्य, दुपार

डोलोरेस आजी पाण्याची बाटली घेऊन आल्या. दोन घोट चार्वीला दिले, एक स्वतः घेतला.

"आजी, शाळेच्या मैदानाला पाणी देतात, ते तुम्हाला का नाही मिळत?"

"कोण देतं पाणी मैदानाला?"

"मग ते हिरवं कसं?"

"हिरवं? अर्धवट हिरवं आहे ते. चट्टे पडलेत नुसते. तीन वर्षं झाली, थेंब नाही घातला कुणी. बंदी आहे, मुली. मैदान शिंपलं तर पोलीस येतील."

चार्वी पडद्याकडे वळली. आजोबांच्या नकाशात सगळं गाव रंगवलेलं होतं. मैदान तेवढं कोरं, पांढरं.

"आजोबा, हे पांढरं का सोडलंत?"

आजोबा चष्मा पुसत म्हणाले, "अगं, दुरूनच हिरवं दिसलं. म्हटलं, शिंपलेलं असणार. आपल्याकडे नाही का, दुष्काळातही बंगल्यांपुढची हिरवळ टिकते! शिंपलेल्या गवतात पीकखूण दिसतच नाही. म्हणून घारूला म्हटलं, ते सोड."

"आणि नगरसभेने टाकीसाठी तीच जागा का निवडली?"

आजोबांचा हात थांबला. टाकीसाठी सुचवलेल्या बाकी जागांखाली अवशेष निघाले होते; त्यांच्याच नकाशावर ही एक जागा कोरी होती, म्हणून निवडली होती. त्यांनी तिथे पाहिलंच नव्हतं. लोकांना वाटलं, तिथे काही नाही.

"घारूला पाठव," ते कसेबसे म्हणाले. "आत्ताच्या आत्ता."

उंची : ऐंशी मीटर
पन्नास
तीस

घारूने अवरक्त (तांबड्या रंगापलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा) प्रकाश टिपणारा डोळा उघडला. ताजं गवत या प्रकाशात लख्ख चमकतं, वाळकं काळवंडतं.

पडद्यावर ठिपके उमटले. लांबट ठिपके. एकाशेजारी एक. एकाखाली एक. ओळीच ओळी, गोलच्या दोन्ही खांबांच्या मधून, मधली रेघ ओलांडून, पार कुंपणापर्यंत.

"खड्डा खणून बुजवला की आतली माती भुसभुशीत होते, ओल धरून ठेवते," आजोबा हळू आवाजात म्हणाले. "ही तुझी खोल कुंडी, चार्वी."

"एक हजार बावीस," घारू म्हणाला. या वेळी त्याने विनोद केला नाही. "यातले तीनशे चाळीस आखूड आहेत. एक मीटरपेक्षा आखूड."

"आखूड का?" चार्वीने विचारलं.

मग तिला स्वतःलाच ते कळलं.

डोलोरेस आजींनी पडद्यावर बोट ठेवलं. एक ओळ संपली, की दुसरी. त्या काही बोलत होत्या, पण ती भाषा दुभाष्या यंत्राला येत नव्हती.

उंची : खुर्चीची. रविवार.

नगरसभेचे अभियंते व्हिन्सेंट यांनी चित्र दोनदा पाहिलं.

"चूक माझी," आजोबा म्हणाले. "न पाहिलेली जागा मी कोरी सोडली. तिथे 'पाहिलं नाही' असं लिहायला हवं होतं."

"नवी जागा शोधायला आठ महिने लागतील, डॉ. खानोलकर. गाव तहानलेलं आहे."

"माझाही नळ कोरडाच आहे," डोलोरेस आजी म्हणाल्या. "पण मुलांच्या अंगावरचं पाणी मी पिणार नाही."

"माझा मुलगा तिथे गोलरक्षक होता," व्हिन्सेंट म्हणाले आणि त्यांनी खणायचा आदेश रद्द केला.

गावात कुणालाच आनंद झाला नाही. दुसऱ्या दिवशीही टँकरपुढे रांग लागली. रांगेत काही जण डोलोरेस आजींशी बोलेनात.

उंची : एक मीटर तीस (चार्वीचे डोळे)

मंगळवारी मैदानाच्या कुंपणाशी एक जुनाट गाडी थांबली. तिघं म्हातारे उतरले. पलीकडच्या खोऱ्यातले. त्यांच्याकडेही एक मिशन होतं, एक वही होती आणि चर्चचं आवार लहान होतं. एकाने हातातली टोपी चुरगाळत चार्वीलाच विचारलं, "तुमचं हे पाखरू किती लांब उडतं?"

"एका दमात चाळीस किलोमीटर."

"आमचं गाव साठवर आहे."

चार्वीने घारूकडे पाहिलं.

"वाटेत एकदा टेकेन," घारू म्हणाला.

"पाऊस पडला की सगळंच हिरवं होईल, खुणा पुसतील. त्याआधी निघायला हवं," चार्वी म्हणाली. तिने नवा नकाशा उघडला. पलीकडचं अख्खं खोरं त्यावर पांढरं होतं. त्यावर तिने आधी मोठ्या अक्षरांत लिहिलं : अजून पाहिलेलं नाही.