एक्केचाळीसपैकी चाळीस

उड्डाणतळाच्या कॅन्टीनमध्ये सकाळीच पेढे वाटले जात होते. आदल्या दिवशी परदेशातला एक मालवाहू अग्निबाण समुद्रात कोसळला होता. तळावरच्या फलकावर तिमाहीच्या आरंभापासून जगभरासाठीच्या भाकिताचा आकडा लागलेला होता: 'खासगी उड्डाणे एक्केचाळीस, यशस्वी चाळीस.' म्हणजे ठरलेलं एकमेव अपयश होऊन गेलं. उरलेली नऊ उड्डाणं सुखरूप जाणार, त्यात परवाचं इथलंही आलं.

"घ्या ताई, तोंड गोड करा," तपासणीप्रमुख लोंढे म्हणाले. "त्यात माणूस नव्हतं, देवाची कृपा. आणि आपलं गंडांतर परस्पर गेलं."

मंदाकिनी शेंडगेंनी पेढा हातातच ठेवला. तो आकडा त्यांच्याच 'अदमास' या संगणकप्रणालीनं काढलेला. जगभरच्या तळांवरचं हवामान, यंत्रभागांचं वय, कामगारांच्या पाळ्या, तपासण्यांच्या नोंदी, एवढं सगळं पचवून अदमास दर तिमाहीला एकच संख्या देई. अकरा तिमाह्या तो चुकला नव्हता. परवाच्या यानात दोन माणसं बसणार होती, म्हणून बाई मुद्दाम आल्या होत्या.

"दुसरी दाबचाचणी कधी?"

"ती वगळली. एक झाली की. पोरं महिनाभर घरी गेली नव्हती, सुट्टी दिली."

"अहो लोंढे, तुम्ही कीर्तनाला बसणारे. बुवांनी नमन न करताच आख्यान लावलं तर चालेल तुम्हाला?"

लोंढे हसले. "आख्यान रंगणार की नाही हे बुवांना कुठं ठाऊक असतं? आम्हाला तर तुम्हीच सांगून ठेवलंय!"

"मी चाळीस सांगितले. कोणते चाळीस, ते नाही. आणि तुम्ही दोन्ही चाचण्या करणार हे धरून सांगितले."

बाईंनी तिथंच बसून बाकीच्या तळांच्या नोंदी मागवल्या. कालपासून बहुतेकांनी चाचण्यांना कात्री लावली होती. ते अदमासला कळवताच उत्तर आलं: उरलेल्या नऊपैकी सात.

हे जाहीर केलं तर सगळे घाबरून चाचण्या करतील आणि आकडा खोटा ठरेल. गप्प बसलं तर खरा ठरेल. त्यांनी 'सात' जाहीर केला.

दुसऱ्या दिवशी दाबचाचणीत इंधनाच्या झडपेतल्या चकतीला केसाएवढी चीर सापडली. लोंढ्यांनी तिच्यावरून दोनदा बोट फिरवलं आणि चकती बदलायला घेतली.

नऊच्या नऊ उड्डाणं यशस्वी झाली. एकूण चाळीस. अदमास बाराव्यांदाही अचूक ठरला. चुकल्या त्या मंदाकिनीबाई. 'उगाच घबराट पसरवली' असा ठपका ठेवून अदमास चालवणाऱ्या संस्थेनं त्यांचा आकडा बदलण्याचा अधिकार काढून घेतला.

नव्या तिमाहीच्या पहिल्या आठवड्यात लोंढ्यांचा फोन आला. आवाज उतरलेला.

"ताई, फलक पाहिलात? चव्वेचाळीसपैकी चव्वेचाळीस. एकही पडणार नाही म्हणे."

"पाहिला." मागच्या वेळी आपण घाबरून 'सात' जाहीर करणार, हेही अदमासनं धरलं होतं की काय, हे त्या आठवडाभर शोधत होत्या. या वेळी त्यानं कुणाचं घाबरणं धरलंय, तेही. पत्ता लागत नव्हता.

"मग आम्ही काय करायचं?"

"दोन्ही चाचण्या करा."

"मी करीन हो. मी ती चीर पाहिलीय. पण पोरं नवी आहेत, सगळी फलकाकडं बोट दाखवतात. त्यांना कारण काय सांगू, ताई?"