ठकीला अर्थ मिळत नाही

"जरा पाय काढता का?"

आमच्या ओळखीतलं त्याचं हे पहिलं वाक्य. पाय माझाच होता, पण तो त्याच्या अवजारांच्या पिशवीवर पडला होता. कारण मी उलटी चालत होते. कारण मी ठकीकडे तोंड करून तिला शिव्या देत होते आणि शिव्या देताना पाठ दाखवणं मला असभ्य वाटतं.

ठकी म्हणजे आमची गाडी. वय बावीस, रंग पूर्वी निळा. माझ्याहून चार वर्षांनी लहान, तरी घरात मान तिला जास्त.

त्या दिवशी अकरा वाजता बाबांना हॉस्पिटलमधून घरी सोडणार होते. हृदयाच्या ऑपरेशननंतर, चोवीस दिवसांनी. आदल्या संध्याकाळी फोनवर त्यांनी बजावलं होतं, "मी ठकीतूनच येईन. नाहीतर इथेच राहीन. इथल्या सिस्टर चांगल्या आहेत."

साडेनऊ झाले होते आणि ठकी सुरू होत नव्हती. शिवाय आम्ही राहतो चौथ्या मजल्यावर, बाबांना जिने चढायला सक्त मनाई, आणि इमारतीची लिफ्ट तीन दिवस बंद. नशिबाने सगळं एकाच खरेदीत उरकलं होतं.

"तुम्ही लिफ्टवाले?" मी पाय काढत विचारलं.

"हो."

"मग लिफ्टकडे बघा ना!"

"बघणारच होतो. पण ती शांत आहे. तुम्ही ओरडत होता. म्हटलं, जास्त बिघडलंय ते आधी बघावं."

आणि त्याने ठकीचं बॉनेट उघडलंसुद्धा. कपाळावरचे केस मनगटाने मागे सारायची त्याची एक लकब होती... ती मी पाहिली नाही. म्हणजे, दोनदाच पाहिली.

"किल्ली फिरवा."

टक्.

"दिवे लावा." दिवे लख्ख. "हॉर्न." हॉर्न असा खणखणीत, की दुसऱ्या मजल्यावर एक बाळ उठलं. "आता पुन्हा किल्ली."

टक्.

"बॅटरी मेली ना?" मी विचारलं. मग जे चोवीस दिवस कुणालाच सांगितलं नव्हतं, ते या पिशवीवाल्या माणसाला सांगून टाकलं. "माझ्यामुळे मेली. बाबा म्हणाले होते, रोज पाच मिनिटं गाडी सुरू कर. मी एकदाही केली नाही. इथे सीटवर त्यांचा स्वेटर आहे... मी रोज यायचे, दार उघडायचे, स्वेटर बघायचे, दार लावायचे. बस्स."

त्याने ठकीचं दार एकदा उघडून लावलं. मग म्हणाला, "दार मात्र उत्तम चालतंय."

मला हसू आलं. रागही आला. दोघांचं जमेना, म्हणून मी शिंकले.

"आणि मेलेली बॅटरी असा हॉर्न वाजवत नाही," असं म्हणत त्याने पिशवीतून मीटर काढला. एक टोक बॅटरीला, एक इंजिनाच्या उघड्या लोखंडाला. "फिरवा."

टक्.

मीटरकडे बघत त्याने मान हलवली. "हं. हिला अर्थ मिळत नाहीये."

इथे सांगायला हवं, की मी शब्दकोशाच्या कार्यालयात काम करते. गेले सात महिने आम्ही 'अ'वरच आहोत. 'अर्थ' या शब्दाचं कार्ड माझ्याच अक्षरात आहे : १. आशय. २. हेतू. ३. पैसा. तेव्हा एका लिफ्टवाल्याने माझ्या गाडीबद्दल असं बोलावं...

"कुणाला मिळतो हो?" माझा बांधच फुटला. "बाबांना नळ्या लावल्या होत्या, मी बाहेर बाकावर बसून सफरचंदं सोलत होते, खायला कुणी नव्हतं! त्यात होता अर्थ? मला नाही मिळाला, हिला कुठून मिळणार?"

तो दचकला. "नाही... म्हणजे... अर्थ. अर्थिंग. वायर असते."

"...वायर?"

"ही काळी. बॅटरीपासून इंजिनापर्यंत. वीज जाते, तशी तिला परत यायला वाट लागते. ही वाट आतून सडलीये. दिव्यांची वाट निराळी, म्हणून ते लागतात."

"म्हणजे वीज जाते आणि अडकते?"

"परत यायची वाट नसेल तर ती निघतच नाही." मग मीटरच्या वायरी गुंडाळत, माझ्याकडे न बघता, तो म्हणाला, "आणि हे चोवीस दिवसांचं काम नाही. दोन-तीन वर्षं सडतेय. तुम्ही रोज सुरू केली असती, तरी एक दिवस अशीच अडली असती. तुमची काही चूक नाही."

चोवीस दिवसांत किती जणांनी मला किती गोष्टी सांगितल्या होत्या. धीर धर, पाणी उकळून पी, देवावर सोड. हे एक वाक्य मात्र कुणी दिलं नव्हतं. मी रडले नाही, फक्त डोळे गळायला लागले. त्या गळतीचं निदान त्याने केलं नाही. पाठ फिरवून तो पिशवीत वायर शोधत बसला, आणि पिशवी काही एवढी खोल नव्हती.

तेवढ्यात पाचव्या मजल्यावरून सेक्रेटरी काका ओरडले, "ओ लिफ्टवाले! कुठवर आलं काम?"

"अर्थापर्यंत!"

"मग होत आलं!" काका समाधानाने आत गेले.

त्याने गंज घासला, जाड काळी वायर बसवली, नट आवळले. "लिफ्टची वायर आहे. गाडी वर-खाली जायला लागली तर फोन करा."

मी किल्ली फिरवली. ठकी खोकली, थरथरली... आणि सुरू झाली! स्वेटर मांडीवर घेऊन मी स्टिअरिंगला कपाळ टेकलं.

"निघा आता. तुम्ही येईपर्यंत लिफ्ट चालू असेल."

"आणि नसेल तर?"

"तर मी त्यांना उचलून नेईन."

"बाबा ब्याऐंशी किलो आहेत."

"मग चालू असेल."

आणि होती. साडेबाराला आम्ही आलो तेव्हा लिफ्टचं दार उघडं धरून तो उभा होता. बाबा स्वेटर घालून, पावलं मोजत आत गेले. "ठकीचा आवाज बदललाय," ते म्हणाले. "कुणी हात लावला?"

"यांनी."

बाबांनी त्याला नीट न्याहाळलं. "तीन वर्षं सकाळी अडखळायची. मी म्हणायचो, वय झालं. वय नव्हतं तर ते?"

"नाही काका. परतीची वाट खराब होती."

बाबांनी स्वतःच्या छातीवर हात ठेवला. "माझीही तीच होती," ते म्हणाले, आणि चौथ्या मजल्यापर्यंत तो हात त्यांनी त्याच्या खांद्यावर ठेवला.

नंतरच्या महिन्यात लिफ्टची चार वेळा तपासणी झाली. करारात ती तीन महिन्यांतून एकदा आहे. सेक्रेटरी काकांनी कंपनीला कौतुकाचं पत्र लिहिलं. प्रत्येक तपासणी आमच्या चहापाशी संपायची. बाबा त्याला ठकीच्या तक्रारी सांगायचे, तो ऐकताना केस मागे सारायचा, आणि मी... मी ती लकब मोजणं सोडून दिलं होतं.

'अर्थ'च्या कार्डावर मी चौथी नोंद केली : ४. (बोली) विजेची परतीची वाट. मुख्य संपादक बाईंनी कार्ड परत पाठवलं. शेरा : "आधार?" आधार म्हणून छापील उतारा चालतो. मी नियम नीट वाचला नाही. मी त्याला फोन केला.

तो इस्त्रीचा शर्ट घालून कार्यालयात आला. बाईंनी पेन उघडलं. "शब्दाचा वाक्यात उपयोग करा."

त्याने माझ्याकडे पाहिलं. केस मागे सारले.

"मी... दिवसभर लोकांना वर पोचवतो. स्वतः तळमजल्यावर. तसं सगळं ठीक होतं. दिवे लागायचे, हॉर्न वाजायचा. पण किल्ली फिरवली, की टक्. मग एका सकाळी यांनी... हिने... माझ्या पिशवीवर पाय दिला." तो थांबला. कान लाल झाले होते. "तेव्हापासून अर्थ मिळतोय."

बाईंनी शांतपणे सगळं लिहून घेतलं. पेनाला टोपण लावलं.

"उदाहरण लांबलंय. शेवटचे तीन शब्द घेते." मग चष्म्यावरून माझ्याकडे बघत, "तुमचं काय म्हणणं?"

"मला मान्य आहे."

"मी कार्डाबद्दल विचारतेय."

"मी नाही," मी म्हणाले.