मोकळी तार

माझं काम सांगितलं की लोक आधी हसतात. आमची कंपनी डिजिटल पियानो बनवते. त्यात ना तारा असतात, ना तारांवर आपटणाऱ्या हातोड्या. असतात ते खऱ्या पियानोचे आवाज, प्रत्येक पट्टी हळू दाबून, जोरात दाबून, टिपून ठेवलेले. तुम्ही पट्टी दाबलीत की खालचा सेन्सर बोटाचा वेग मोजतो आणि त्याला शोभेल तो आवाज काढून देतो. हे आवाज टिपायचे आणि निवडून पाखडून स्वच्छ करायचे, यावर माझं पोट आहे. कुणी खाकरलं, खुर्ची करकरली, की तो आवाज बाद. ताई म्हणायची, "तुझ्यासमोर श्वास घ्यायचीसुद्धा चोरी आहे बाबा."

ताई माझी थोरली बहीण. लग्न तिनेही केलं नाही, मीही नाही. ती घरी मुलांना पियानो शिकवायची आणि मी आतल्या खोलीत कान बंद करून पेपर वाचायचो. गेल्या वर्षी ती गेली. मग घरमालकाने जागा परत मागितली आणि मला चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट मिळाला. त्याच्या जिन्यातून पलंग नेतानाच हमालांनी हात टेकले, पियानो कुठला जायला? एका शाळेने तो सभागृहात ठेवायची तयारी दाखवली. तो जाण्याआधी नव्या मॉडेलसाठी त्याचेच आवाज घेऊ, अशी मी आमच्या मॅडमना गळ घातली.

"घ्या," मॅडम म्हणाल्या. "पण स्वच्छ हवं हं. खोट निघाली तर मी दुसरा पियानो बघेन."

म्हणजे ताईचं जे काही माझ्याजवळ राहणार होतं, ते या रेकॉर्डिंगवर अवलंबून होतं. दुसरं काही मला नको होतं.

रेकॉर्डिंगच्या खोलीत आम्ही माणूस ठेवत नाही. एक यांत्रिक बोट पट्टी दाबतं, आवाज पार विरेपर्यंत दाबून धरतं, मग पुढच्या पट्टीकडे सरकतं. मी काचेपलीकडे बसतो. सगळं सुरळीत झालं. दुसऱ्या दिवशी हेडफोन लावून ऐकायला बसलो. मधल्या पट्टीचा सूर विरत आला आणि त्याच्या खालून आणखी एक तार गुणगुणताना ऐकू आली. अगदी बारीक, पण होती.

पियानोच्या तारांवर नमद्याच्या, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या, छोट्या गाद्या टेकलेल्या असतात. पट्टी दाबली की तिची गादी उचलली जाते आणि तार मोकळी होते. मोकळी तार तिच्याशी जुळणाऱ्या सुराने आपोआप थरथरते, गादीखालची गप्प बसते. इथे तर एका वेळी एकच पट्टी दाबलेली. एखादी गादी नीट बसत नसेल म्हणून मी ट्यूनरकाकांना बोलावलं. ताईच्या पियानोचे सूर वर्षानुवर्षं तेच लावत आलेले.

"गाद्या सगळ्या ठाकठीक आहेत रे," काका म्हणाले. "एकेकीला हात लावून बघितलंय."

"मग खालची तार मोकळी कशी राहते?"

"कुणी पट्टी दाबून धरली तर राहील."

"खोलीत कुणी नव्हतं काका."

त्यांनी फडक्याला हात पुसले. "ताई धरायच्या तशी," ते बोलून गेले, आणि मग उगाचच हत्यारं आवरायला लागले.

ते खरं होतं. नवं मूल एका बोटाने एकेक सूर वाजवायला लागलं की ताई त्याच्या डावीकडे बसून खालच्या सुराची एखादी पट्टी इतकी सावकाश दाबायची की तिचा आवाजच येत नसे. ती नुसती धरून ठेवायची. मग मुलाच्या एकट्या सुराला खालून साथ मिळायची, आणि आपण काय छान वाजवलं म्हणून पोर खूश व्हायचं.

मी पुन्हा रेकॉर्डिंग केलं. या वेळी काचेतून नजर हलवली नाही. यांत्रिक बोटाखालची सोडून एकही पट्टी खाली गेली नाही. रेकॉर्डिंगमध्ये मात्र गुणगुण होतीच, आणि आता सुरागणिक तार वेगळी होती. बिघाड एका जागी असतो. हा जागा बदलत होता, आणि दर वेळी वरच्या सुराला शोभेल अशीच.

मला भीती वाटायला हवी होती. मला आनंद झाला. घरी जाताना मी चक्क शीळ घातली.

मॅडमनी ऐकलं आणि त्यांच्या कपाळावर आठी पडली. "हे खाली काय गुणगुणतंय? काढा ते. जमत नसेल तर तसं सांगा."

मी काढलं. एकेका सुराखालून ती तार वेगळी काढून पुसत गेलो. नाही म्हटलं असतं तर सगळंच गेलं असतं. पियानो शाळेत गेला आणि नव्या मॉडेलचा पहिला नग माझ्या फ्लॅटवर आला.

भिंती पातळ, म्हणून हेडफोन लावून वाजवायचो. आवाज हुबेहूब होता. पट्ट्यांखाली बोटाला फसवायला छोट्या हातोड्या बसवलेल्या असतात, त्यांचं वजनही तेच. पण सूर विरला की खाली कुणी नसायचं. माझ्याच हाताने मी ताईला पुसलं होतं. हे कळलं त्या दिवशी मी बाकावर बसून रडलो, आणि या वयात रडताना कुणी बघायला नाही याचंही वाईट वाटलं.

मग एका रविवारी दुपारी उजव्या हाताने एक सूर वाजवला. डावा हात मांडीवर होता. खालून गुणगुण आली.

डिजिटल पियानोत ही गुणगुण यंत्र हिशोबाने तयार करतं. त्यासाठी दुसरी पट्टी दाबलेली असावी लागते.

मी डावीकडे पाहिलं. एक पट्टी खाली गेलेली होती. सूर विरला तशी ती सावकाश वर आली.

मी बाकावर थोडा उजवीकडे सरकून बसलो. जागा केली.

त्यानंतर रोज वाजवू लागलो. ऑफिसातून कधी घरी जातो असं व्हायचं. इतक्या वर्षांत ताईजवळ बसून मी कधी एक सूर वाजवला नव्हता.

काल संध्याकाळी स्वयंपाकघरात होतो. हेडफोन पियानोवर पडलेले. त्यातून बारीक आवाज आला. एक सूर. मग थोडं थांबून पुन्हा तोच.

साथ येते का, याची वाट बघत असल्यासारखा.

आज ताई वाजवतेय, साथ मी धरायची, असं माझ्या मनात आलं. मी गेलो, हेडफोन चढवले, या वेळी बाकाच्या डाव्या टोकाला बसलो. खालची एक पट्टी आवाज न होऊ देता दाबली.

उजवीकडची पट्टी खाली गेली. माझी तार गुणगुणली.

"ताई," मी म्हणालो.

सूर विरला. मी बोट उचलायला गेलो. पट्टीखालची हातोडी बोटाला खालून वर ढकलते, ते वजन मी ओळखतो. हे वजन वरून होतं. मुलांनी पट्टी लवकर सोडू नये म्हणून ताई त्यांच्या बोटावर आपलं बोट ठेवायची.

तसंच बोट आता माझ्या बोटावर होतं, आणि ते माझ्या डावीकडून आलं होतं.

आणि उजवीकडची पट्टी, शिकाऊ हाताने दाबावी तशी अडखळत, पुन्हा खाली गेली.