शिवेवरून परत आणलेला गाडा

ज्या वर्षी आमच्या सोमलिंगदादाला पहिला मुलगा झाला, त्या वर्षीची ही गोष्ट. साल एकोणीसशे एकोणसाठ, महिना आषाढ. गाव येडशीपासून दोन कोसांवर. नाव सांगत नाही, कारण ती घरं अजून नांदती आहेत.

कुणाला खोटं वाटलं तर वाटू द्या. सोमलिंगदादाची आई गौराबाई ही माझी चुलती. तिनं जे पाहिलं, ते पुढं किती वेळा सांगितलं, पण त्यातला शब्द कधी बदलला नाही.

त्या साली पटकीची साथ आली. सरकारी माणसं आली, सगळ्यांना सुया टोचल्या, विहिरीत पावडर टाकली. साथ हटली.

तरी गावानं मरीआईचा गाडा काढलाच.

गाडा म्हणजे हातभर लांबीची लाकडी गाडी. तीत निंबाच्या लाकडाची देवी, खण, हिरव्या बांगड्या, दहीभात. पुढं पोतराज, मागं गाव. गाडा शिवेच्या पलीकडं ठेवायचा आणि घरी यायचं. मग पलीकडचं गाव तो उचलून आपल्या पुढच्या शिवेवर नेऊन ठेवतं. अशी ती गावोगाव जाते. तिला कुणी अडवत नाही आणि कुणी ठेवूनही घेत नाही.

गौराबाईच्या पुढच्या खोलीत तेव्हा मार्तंडराव म्हणून एक गृहस्थ राहत होते. पुण्याकडचे मोठे अभ्यासक. आफ्रिकेत राहून आलेले. माणसांचा देवधर्म आणि गावाचा विकास यांचं एकमेकांशी काय नातं असतं, यावर ते ग्रंथ लिहिणार होते. भेटेल त्याला एकच प्रश्न... सुई टोचून घेतली, साथ गेली, मग गाडा कशाला?

गौराबाईला हा माणूस पहिल्या दिवसापासून डोळ्यांसमोर नको होता. घरात सून बाळंतीण. लक्ष्मी तिचं नाव. अशा वेळी परका माणूस उंबऱ्यात कशाला? पण सरपंचानं शब्द टाकला, म्हणून खोली दिली. जेवायला वाढताना ती त्यांना एवढंच म्हणाली, "सुई रोगासाठी, साहेब. गाडा तिच्यासाठी. आलेल्याला वाटंला लावावं लागतं."

मार्तंडराव हसले आणि भात मागितला.

गाडा गेला, त्याच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट. भर दुपार होती. पावसानं ओढ दिली होती. माणसं रानात गेलेली.

गौराबाई परसात शेण थापत होती. एकाएकी तिला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं.

चिमण्या नव्हत्या...

अंगणात ज्वारी वाळत घातलेली. एरवी हाकलून हाकलून हात दुखायचे. आज एक चिमणी नाही. कोंबड्या डालग्यातून बाहेर यायला तयार नाहीत. गल्लीतलं कुत्रं नाही.

मग आवाज आला.

खड्... खड्... खड्...

लहान चाकांचा. पुढच्या खोलीकडून निघालेला, ओसरीवरून हळूहळू आत चाललेला.

शेजारचं पोर खेळत असेल म्हणून ती रागानं उठली. ओसरीवर कुणी नव्हतं.

सारवलेल्या जमिनीवर मात्र दोन रेघा होत्या. बोटभर रुंदीच्या. मार्तंडरावांच्या दारातून निघालेल्या... आणि थेट बाळंतिणीच्या खोलीत गेलेल्या.

सकाळपासून रडणारं बाळ गप्प होतं.

गौराबाई धावली. बाळ जागं होतं. डोळे न मिटता बाजेच्या पायथ्याकडं बघत होतं. तिथं कुणी नव्हतं. लक्ष्मी गाढ झोपलेली, अंग थंडगार. हाका मारल्या तरी डोळा उघडेना.

आणि तिच्या हातात एक हिरवी बांगडी जास्त होती.

ती गौराबाईनं भरली नव्हती. काढायला गेली तर मांसात रुतलेली.

गौराबाई तशीच पुढच्या खोलीत शिरली. मार्तंडराव लिहीत बसले होते. शेजारी टेबलावर टॉवेलाखाली काहीतरी झाकलेलं. तिनं टॉवेल ओढला.

गाडा...

मार्तंडरावांनी शांतपणे सांगितलं, की तो त्यांनी पहाटे शिवेवरून उचलून आणला. उन्हापावसात कुजून जाण्यापेक्षा पुण्याच्या संग्रहालयात राहील. आफ्रिकेतल्या एका गावातूनही त्यांनी देवीचा ढोल असाच आणला होता. काही झालं नाही.

"तुम्हाला झालं नसंल," गौराबाई म्हणाली. "त्या गावाचं पुढं काय झालं, इचारलं का कधी?"



तिनं त्यांना हाताला धरून बाळंतिणीच्या दारात उभं केलं. त्यांनी जमिनीवरच्या रेघा पाहिल्या. लक्ष्मीचा हात पाहिला. परत जाऊन गाड्यातल्या बांगड्या पाहिल्या. सकाळी त्यांनी त्या लिहून घेतल्या होत्या. एक कमी होती.

त्यानंतर 'गाडा कशाला' हे त्यांनी पुन्हा कुणाला विचारलं नाही.

शिवेवरून परत आणलेल्या गाड्याला दुसऱ्यानं हात लावायचा नसतो. ज्यानं मागं आणला, त्यानंच न्यायचा. मार्तंडराव गाडा छातीशी धरून निघाले. शेजारणीला बाळंतिणीपाशी बसवून गौराबाई त्यांच्यामागं गेली.

शिवेवर पलीकडच्या गावची माणसं काठ्या घेऊन उभी होती. गाडा जागेवर नाही, हे त्यांना सकाळीच कळलं होतं. त्यांच्यातला म्हातारा रेवणप्पा पुढं आला.

"हितं ठेवू नका," तो म्हणाला. "सकाळी जागेवर असती तर आमी हळदकुंकू लावून पुढं नेली असती. आमी तिला कधी अडवलं न्हाय. तुमी तिला मागं फिरवली. आता ती तुमची."

गौराबाईनं हात जोडले. घरात ओली बाळंतीण आहे, म्हणाली. रेवणप्पानं मान खाली घातली, पण काठी आडवीच धरली. त्याच्याही घरात लेकरं होती.

ऊन डोक्यावर. मार्तंडराव दोन गावांच्या मधे उभे. चेहरा पांढरा. "मग मी काय करू, गौराबाई?"

"तुमाला ती पुण्याला न्यायची होती ना? न्या."

"आणि तिथं काही झालं तर?"

"शिकल्याली माणसं हायत तिथं. सांगतील तुमाला."

त्यांनी तिच्याकडं पाहिलं. तिनं नजर वळवली नाही. सामान उद्या सोमलिंग स्टेशनवर आणून देईल, एवढं तिनं सांगितलं. मार्तंडराव वळले आणि शिवेवरच्या गाडीवाटेनं येडशीकडं चालू लागले. गाडा छातीशी तसाच.

सगळे बघत उभे होते. वारा नव्हता.

बरंच पुढं गेल्यावर रेवणप्पानं हळूच विचारलं, "गौराबाई... साहेबाच्या मागनं ती कोण बाई चाललीया? तुमच्यातली हाय का?"

गौराबाईनं कपाळावर हात धरून पाहिलं.

हिरवं लुगडं... डोईवर पदर... चालताना पाय वाजत नव्हते. मार्तंडरावांच्या दोन हात मागं. त्यांना पत्ता नव्हता.

हाक मारली असती तर ऐकू गेली असती. पण हाक ऐकून ते मागं वळले असते. मग तीही वळली असती.

"आमच्यातली न्हाय," गौराबाई म्हणाली.

आणि ती घराकडं फिरली.

घरी आली तेव्हा लक्ष्मी उठून बाळाला पाजत होती. बांगडी हातात नव्हती. ते बाळ जगलं. आता त्याला नातवंडं आहेत.

दुसऱ्या दिवशी सोमलिंगदादा ट्रंक घेऊन स्टेशनवर गेला, तर बाकापाशी लोक जमले होते. डॉक्टर म्हणाले, पटकी नाही, साप नाही, कसली जखम नाही. मार्तंडराव कशानं गेले, ते त्यांनाही सांगता आलं नाही. सोमलिंगदादानं सगळं स्टेशन धुंडाळलं. रुळांच्या कडेनंही पाहून आला.

गाडा सापडला नाही.

तो कुणी उचलला, कुठल्या गावात गेला, हे आजपर्यंत कळलेलं नाही. आषाढात भर दुपारी चिमण्या गप्प झाल्या, की मी अजूनही आधी ओसरीची जमीन बघतो.

मार्तंडराव एकोणीसशे एकोणसाठच्या आषाढात, वद्य नवमीला, येडशी स्टेशनच्या बाकावर वारले. बरोबर कुणी नव्हतं, अशी नोंद आहे.