पायाखालचा पत्रा

बसा. माझे पाय या घमेल्यातल्या पाण्यातच राहू देत, वाईट वाटून घेऊ नका. मघापासून तुम्ही तिकडेच बघताय, तेव्हा सांगूनच टाकतो.

माझा धंदा सायलेन्सरचा. पाइप वाकवायचे, जोडायचे, कुणाची गाडी फार बोंबलत असेल तर तिला गप्प करायचं. माझा मोठा भाऊ, आमचा दादा, छापखान्यातली यंत्रं सांभाळायचा, पण जीव सगळा घरामागच्या शेडमध्ये. तिथे सात वर्षं खपून त्याने स्वतःच्या हातांनी एक मोटार उभी केली. सांगाडा भंगारातल्या जुन्या गाडीचा, छप्पर कापून खाली घेतलेलं, आणि पुढे मालट्रकचं इंजिन. उंदराला हत्तीचं काळीज बसवलंय, असं मी चिडवायचो. ती सुरू झाली की शेजारच्यांची भांडी फळीवर वाजायची. तो आवाज आणि छापखान्याचा खडखडाट, दोन्हींनी मिळून दादाचे कान खाल्ले. शेवटी शेवटी त्याला हाक मारून उपयोग नसे, खांद्यावर हात ठेवावा लागे.

गाडीचा एक्झॉस्ट, म्हणजे धूर मागे नेणारा पाइप, मी बनवला आणि चूक तिथेच केली. दादाला गाडी जमिनीला टेकलेली हवी होती, म्हणून मी पाइप वर घेतला, ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटखालून, पाय ठेवायच्या पत्र्यापासून जेमतेम दोन बोटांवर. इंजिन तापलं की त्या सीटवर बसणाऱ्याचे पाय भाजून निघायचे.

"काहीतरी गुंडाळ रे त्या पाइपाला," दादा म्हणायचा. "तुझ्या वहिनीला लांब फिरवायचंय."

"करतो की," मी म्हणायचो. आज करू, उद्या करू. जगाची कामं केली आणि भावाचं कानामागे टाकलं. मग एका सकाळी दादा छापखान्यात यंत्रापाशी खाली बसला तो उठलाच नाही. वहिनी त्या गाडीतून एकदाही फाटकाबाहेर गेल्या नव्हत्या.

वहिनींचे पाय बारा महिने गार. दादा घरी आला की त्यांचे पाय मांडीवर घ्यायचा आणि दोन्ही तळहातांत धरून बसायचा, समोर पाहुणे असोत की आणखी कुणी. त्याच्या डाव्या हाताचा अंगठा ग्राइंडरने अर्धा नेला होता, पण पंजे असे ऊबदार की विचारू नका. "वहिनी, शेगडी चांगली मिळाली तुम्हाला," मी म्हणायचो. त्या लाजायच्या, पण पाय काढून घ्यायच्या नाहीत.

दादाला जाऊन तीन महिने झाले आणि पुतणी माझ्या दुकानात आली.

"काका, मी आईला माझ्याकडे घेऊन जातेय. एकटी किती दिवस राहील? पण तिचा हट्ट, येईन तर बाबांच्याच गाडीतून. मी चक्कर मारून बघितली, त्या सीटवर पाय ठेववत नाही. तेवढं काम कराल?"

"करतो," मी म्हणालो. या खेपेला 'की' लावला नाही.

ती जरा घुटमळली. "आणि काका... आई रोज दुपारी त्या गाडीत जाऊन बसते. चपला काढून, तासभर. हाक मारली तरी येत नाही."

वहिनी दोन दिवस बहिणीकडे गेल्या होत्या, तेवढ्यात उरकायचं ठरलं. भर दुपारी शेड उघडली. आत ग्रीसचा आणि दादाच्या साबणाचा वास तसाच होता. गाडी आठ दिवस सुरू झाली नव्हती. मी सहज त्या सीटपुढच्या पत्र्यावर हात टेकला.

पत्रा कोमट होता.

तापमान मोजायची बंदूक माझ्याकडे असते. पाइपावर धरली, चोवीस. इंजिनवर, चोवीस. पत्र्यावर धरली, सदतीस. पुन्हा धरली. सदतीस. यंत्र बिघडलं, असं म्हणून मी ती खिशात टाकली. तिथेच थांबायला हवं होतं. पण मला दादाचं राहिलेलं काम संपवून मोकळं व्हायचं होतं, दुसरं काही दिसतच नव्हतं.

काचेच्या धाग्यांची पट्टी पाण्यात भिजवली, पाइपावर एकावर एक चढवत घट्ट गुंडाळली, तारांनी आवळली. पाइप आणि गाडीचा तळ यांच्यामध्ये अॅल्युमिनियमचा पातळ पत्रा लावला, वर बोटभर हवा राहील असा. आतून जाड अस्तर चिकटवलं. इंजिनाकडून आत येणारं भोक न् भोक बुजवलं. मग अर्धा तास इंजिन चालवलं आणि आत हात लावला. गारेगार! जीव भांड्यात पडला. "दादा, केलं बघ," मी मोठ्यांदा म्हणालो आणि रडलो.

इंजिन बंद केल्यावर पाइप थंड होताना टिकटिक करतो, त्याची मला सवय आहे. त्या दुपारी टिकटिक थांबल्यावर दुसरा आवाज सुरू झाला. मऊ... थोपटल्यासारखा. इथे, मग तिथे, मग आणखी पुढे. गाडीखाली मांजर शिरलं असेल, असं मी मनाला सांगितलं. वाकून बघितलं मात्र नाही.

तिसऱ्या दिवशी वहिनींचा निरोप आला. मी गेलो तेव्हा त्या त्याच सीटवर बसल्या होत्या, अनवाणी. ओठ पांढरे पडले होते.

"भावजी, हे तुम्ही केलंत?"

"हो. आता भाजणार नाही तुम्हाला."

"मला भाजत नव्हतं." त्या पायांकडे बघत होत्या. "मी गाडी सुरू करतच नव्हते, भावजी. नुसती बसायचे... थोड्या वेळाने ते धरायचे."



"आता खालून नुसतं चाचपल्यासारखं वाटतं... सापडत नाहीत त्यांना माझे पाय."

मी आतलं अस्तर फाडलं आणि अंगावरच्या चांगल्या कपड्यांनिशी गाडीखाली शिरलो. बोळे उपसले, पट्टी कापून काढली, पत्र्याचे बोल्ट सोडवले. पत्रा उजेडात आणला. पातळ पत्रा खालून वर फुगला होता, जागोजागी. पंजे होते ते. सीटखाली एकावर एक इतके की मोजता येत नव्हते, मग इकडेतिकडे पांगत गेलेले, अंधारात दाराची कडी शोधावी तसे. प्रत्येक डाव्या पंजाचा अंगठा अर्धा होता. शेवटचा पंजा पार कडेला होता, बोटं कडेवरून बाहेर वळलेली.

वहिनींनी पत्रा मांडीवर घेतला. एकेका पंजावर हात ठेवून बघितला.

"गार आहेत," त्या म्हणाल्या. "बाहेर पडले वाटतं... आता कुठे शोधत असतील हो?"

पुतणी एकटीच परत गेली. वहिनी अजून रोज दुपारी गाडीत बसतात, दोन दोन मोजे घालून. गाडीचा पत्रा गारच असतो. मी मुद्दाम हात लावून बघतो.

ती कापलेली पट्टी मी दुकानात आणून कोपऱ्यात टाकली होती. पंधरा दिवसांपूर्वी पाइप वाकवायच्या यंत्रापाशी उभा होतो, तर बुटांखालची फरशी कोमट लागली. दोन पावलं सरकलो. थोड्या वेळाने तिथेही. आता घरीही तेच, जेवताना, झोपताना, जिथे पाय टेकेन तिथे. मला भीतीपेक्षा वाईटच जास्त वाटतं. "दादा, इथे नाही रे... तिकडे, वहिनींकडे..." असं मी ओरडून सांगतो. पण त्याला ऐकू कुठे येतं? आणि खांद्यावर हात ठेवायला खांदा कुठे शोधू?

पहिल्यांदा नुसती ऊब होती. आता ती रोज थोडी वाढते, आणि थोडी घट्ट होते. अहो, त्याला इतके दिवस पाय सापडले नव्हते, आता सापडलेत ते तो सोडेल कसा?

हे बघा, काढतो पाय बाहेर. घोट्याभोवती हे चार वळ दिसतात ना, लाल? आणि हा पाचवा... अर्धाच आहे.